हातचा एक

गुरुवारी साडेचारला मी त्याला फोन लावायची.
प्रश्न छापलेले, क्रम बदलायचा नाही,
आवाज सपाट ठेवायचा, "अरे वा" म्हणायचं नाही,
"अरेरे" तर नाहीच.
मागच्या सात दिवसांत किती दिवस प्यालात?
एका बैठकीत जास्तीत जास्त किती?
जगण्यात रस वाटला का, शून्य ते तीन?

वैदोतास, वय एकसष्ट,
कौनासच्या ट्रॉलीबसवर सव्वीस वर्षं,
लायसन गेलं तेव्हापासून डेपोत काचा पुसतो.
पुढचे थांबे पुकारावेत तसा सांगायचा:
पाच. अर्धी बाटली. शून्य.
आणि ठेवून द्यायचा.

गोळ्या पांढऱ्या, दोन्ही डब्यांतल्या सारख्याच.
कुणाच्या डब्यात औषध, कुणाच्या नुसता स्टार्च,
हे मला ठाऊक नाही, डॉक्टर यौनियुसना नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
इथे झाकणाऱ्यालाही मुठीतलं माहीत नव्हतं.

अकराव्या आठवड्यात म्हणाला, चार.
पण त्यातला एक दिवस मोजू नका,
त्या दिवशी बायकोला पुरलं.
मी मोजला. रकाना होता, भरला.
नियमाप्रमाणे "समजलं" म्हणाले.
त्या शब्दाची मला अजून लाज वाटते.

नाताळनंतर त्यानं विचारलं, गिरा धरायची का?
राईच्या पावाची, जराशी आंबलेली,
आमच्याकडे पोरंसोरंही पितात.
कागदावर गिराला जागा नव्हती.
वरच्या मजल्यावर बैठक बसली,
तीन आठवड्यांनी उत्तर आलं: धरू नये.
तोवर त्यानं गिराही सोडली होती.
"म्हटलं, तुमचा कागद कशाला खराब करा."

तीन. एक. परत तीन. एक.
मग एका गुरुवारी शून्य,
आणि त्याच्यामागे डेपोत
तारेवरून दांडा निसटल्याचा खणखणाट,
कुणीतरी हासडलेली सणसणीत शिवी.
मी सपाट आवाजात विचारलं, रस वाटला का?
"कशात?"
तसं प्रश्नात लिहिलेलं नाही, मी म्हटलं.
"मग दोन लिहा. अन् तुमचं किती?"
माझं विचारायची सोय अभ्यासात नव्हती.
एक, मी म्हटलं.
नोंद केली नाही.

जूनमध्ये पाकिटं फोडली.
वैदोतासच्या आकड्यापुढे: स्टार्च.
तेहतीस आठवडे, रोज सकाळी,
चिमूटभर बटाट्याचं पीठ घोटभर पाण्याबरोबर.
कुणीतरी म्हणालं, म्हणजे तुझा फोनच लागू पडला की!
क्षणभर मी फुलून आले, खोटं कशाला बोलू.
मग यादीवर बोट ठेवून खाली उतरत गेले.
स्टार्चच्या बाजूला आणखी बेचाळीस माणसं,
सगळ्यांना मीच फोन लावले होते,
तेच प्रश्न, तोच आवाज.
बहुतेक पूर्वीइतकंच पीत होती, काही जास्त.
एकीच्या नावापुढे "संपर्क तुटला",
माझ्याच अक्षरात, मार्चपासून.
औषधाच्या बाजूला किंचित बरं होतं,
इतकं किंचित, की त्यावर
दुसऱ्या अभ्यासासाठी पैसे मागता यावेत.

त्याला कळवायचं काम माझ्याकडेच आलं.
"बटाट्याचं?" एवढंच म्हणाला. हसला नाही.
बराच वेळ नुसतं पाणी पिळल्याचा आवाज, फडक्यातून बादलीत.
"मग इतके दिवस मी कशाला धरून उभा होतो?"
माहीत नाही, मी म्हटलं.
आठ महिन्यांत पहिल्यांदाच
कागदाबाहेरचं उत्तर.
"गुरुवारी फोन येईल?"
अनुदान संपलं होतं. तो नंबर तीस तारखेला बंद होणार होता.

आठ अन् सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक,
पुढच्या घरात मिळवायला विसरू नकोस,
शाळेत बाई बोटावर पट्टी टेकवून सांगायच्या.
अहवाल गेला. बेरीज दोघांनी तपासली, बरोबर आहे.
मी स्वतःच्या फोनवरून लावावा की नाही,
याचा नियम मी तीनदा वाचला आहे.
आज गुरुवार. सव्वाचार.
हातचा अजून हातातच आहे.